आम्ही स्पोर्ट्स कार देऊन सेडान का घेतली?

गाडी बदलली हे कळल्यापासून मित्रमंडळींनी आम्हाला दोन प्रकारे छेडले आहे. पहिला गट म्हणतो, "संपली का हौस? शेवटी आलात ना चार दारांवर!" दुसरा गट म्हणतो, "बरे झाले, अक्कल आली. असली गाडी घ्यायचीच कशाला होती?" दोन्ही गट एकमेकांच्या विरोधात बोलतात असे वाटते, पण दोघांचे गृहीतक एकच आहे : हौस आणि उपयोग या दोन गोष्टी एका गाडीत बसत नाहीत. आमचा वाद या गृहीतकाशी आहे, म्हणून हा लेख.

आधी ओळख. आम्ही म्हणजे दोघे भाऊ. राहणार पिंपरी-चिंचवडमध्ये, मूळ गाव सातारा जिल्ह्यातल्या माण तालुक्यात. गाडी दोघांच्या पगारातून घेतली होती, म्हणून हे लिहिणेही दोघांचे. गाडी होती फोक्सवॅगन पोलो जीटीआय, २०१७ सालची, आम्ही २०१९ मध्ये दुसऱ्या हाताची घेतलेली. जाणकार तिला हॉट हॅच म्हणतात. आमच्या गल्लीत ती 'स्पोर्ट्स कार' होती. तीन दारे, १.८ लिटरचे टर्बो पेट्रोल इंजिन, १९२ पीएस ताकद, २५० न्यूटन-मीटर टॉर्क. त्यावर झालेले बदल काही आधीच्या मालकाचे, काही आमचे : गाडी सव्वा इंच खाली आणणाऱ्या स्प्रिंगा, मोठा सायलेन्सर, रुंद चाके आणि ईसीयूचा रिमॅप.

आता पहिल्यांदा दुसऱ्या गटाला उत्तर. ती गाडी घेतली ते योग्यच होते, असे आम्ही आजही म्हणतो. आमचे वडील भोसरीच्या कारखान्यात तीस वर्षे सायकलवर गेले. त्यांच्या पोरांनी स्वतःच्या पगारातून, कर्जाचा एकही हप्ता न चुकवता, मनासारखी गाडी घेतली तर ती उधळपट्टी कशी होते? मोठ्या घरातल्या पोराने जुनी स्पोर्ट्स कार बाळगली की तो 'छंद' असतो, त्यावर पुरवण्यांमध्ये लेख येतात. आमच्यासारख्या घरातल्या पोराने तेच केले की 'पैसा आला की असे होते' म्हणतात. काटकसरीचा उपदेश नेहमी एकाच दिशेला वाहतो, हे लक्षात ठेवा. हौस ही कुणाची मक्तेदारी नाही.

मग गाडी दिली का? कारण सरळ आहे. २०२२ च्या अखेरीस आईच्या दोन्ही गुडघ्यांची शस्त्रक्रिया झाली. तीन दारांच्या गाडीत मागे बसायचे म्हणजे पुढची सीट दुमडायची, पुढे सरकवायची, मान वाकवायची आणि पाय मुडपून आत शिरायचे. तिशीतल्या माणसाला ते दोन सेकंदांचे काम. नव्या गुडघ्यांना ते जमणारे नाही. आईला पुढे बसवावे तर थोरल्या वहिनींना आणि दोन पोरांना मागे कोंबावे लागे. मग गावी जायची वेळ आली की आई म्हणायची, "तुम्ही जाऊन या, मी थांबते घरी." तक्रारीचा एक शब्द नाही. पण ज्या गाडीमुळे घरातले माणूस घरी राहते, ती गाडी त्या घराची गाडी उरत नाही. हा भावनेचा नव्हे, हिशेबाचा मुद्दा आहे. पाच माणसांच्या घराने घेतलेले वाहन तिघांनाच नेत असेल, तर त्याचा वेग कितीही असो, दोघांसाठी तो शून्य आहे.

इथे पहिला गट म्हणतो, "ठीक आहे, पण मग मजा गेली ना?" मजेचीही मोजणी करू.

आम्ही घेतली फोक्सवॅगन व्हर्टस जीटी. पुण्याजवळ चाकणला तयार होते. १.५ लिटरचे टर्बो इंजिन, ताकद १५० पीएस. कागदावर ४२ पीएस कमी झाले, हे खरे. पण टॉर्क किती? तोच, २५० न्यूटन-मीटर. ज्यांना या आकड्यांची सवय नाही त्यांच्यासाठी सांगतो : टॉर्क म्हणजे इंजिनाची पिळण्याची शक्ती. घाटात ट्रकच्या मागून बाहेर निघताना पाठीला जो धक्का बसतो तो प्रामुख्याने टॉर्कचा. पीएसचा मोठा आकडा कामाला येतो तो इंजिन वरच्या फेऱ्यांवर ताणल्यावर, म्हणजे वेग आधीच बराच वाढलेला असताना. पुणे-मुंबई द्रुतगती मार्गावर कारला ताशी १०० किलोमीटरची मर्यादा आहे. खंबाटकी घाटात मालवाहू गाड्यांच्या रांगेत किती वेग मिळतो, ते साताऱ्याकडे जाणाऱ्या कुणालाही विचारा. जो वेग वापरायला रस्ता नाही, कायद्याची मुभा नाही, त्याचे पैसे आपण कशासाठी मोजतो, हा प्रश्न प्रत्येक मॉडिफाय करणाऱ्याने स्वतःला एकदा विचारावा.

आणखी एक साधे गणित. ब्रेक दाबल्यावर गाडी थांबायला लागणारे अंतर वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते. ८० वरून १०० वर गेलात तर वेग सव्वापट होतो, पण ब्रेकचे अंतर दीडपटीहून जास्त. रिमॅपने इंजिनाचा जोर वाढतो. रस्त्याची पकड आणि आपली नजर तेवढीच राहते.

आता बदलांचा मुद्दा. 'मॉडिफाय केलेली गाडी म्हणजे सुधारलेली गाडी' असा आपल्या पोरांचा समज आहे. तो तपासून पाहू.

स्प्रिंगा बदलून गाडी खाली आली की वळणावर ती कमी झुकते. सपाट रस्त्यावर हे सुख खरेच आहे, नाकारत नाही. पण गाडी खाली आली म्हणजे शॉकअपला हलायला जागाही कमी राहिली. भारतीय रस्ते काँग्रेसच्या नमुन्यात गोल गतिरोधक १० सेंटिमीटर उंच आणि ३.७ मीटर रुंद असतो. तो तसा बांधला तर बहुतेक गाड्या आरामात जातात. प्रत्यक्षात आपल्याकडे गल्लीतला गतिरोधक कोण बांधतो? ज्याच्या दारासमोर तो आहे तो. मोजमाप कुठले! मग चार माणसे बसलेली, खाली आणलेली गाडी प्रत्येक गतिरोधकावर तिरकी घालावी लागते आणि तरी पोट घासते. नव्या गाडीचा रिकामा ग्राउंड क्लिअरन्स १७९ मिलिमीटर आहे. दहिवडीच्या पुढे गावापर्यंतच्या शेवटच्या खडीच्या पट्ट्यात आम्हाला आता कुणाला खाली उतरवावे लागत नाही.

रिमॅप म्हणजे इंजिनाच्या संगणकातली आज्ञावली बदलणे : टर्बोचा दाब वाढवायचा, ठिणगीची वेळ पुढे-मागे करायची, इंधन जास्त सोडायचे. कंपनी हे आकडे ठरवताना उन्हाळा, हलके पेट्रोल, रहदारी या सगळ्यांसाठी राखीव जागा सोडते. रिमॅप करणारा ती राखीव जागा खातो. तो चांगला असेल तर मोजून खातो. नसेल तर इंजिन आतून ठोकायला लागते. आमच्या गाडीवरचा रिमॅप आधीच्या मालकाचा. ताकद किती वाढली याचा मोजलेला कागद त्याच्याकडे नव्हता, तोंडी आकडा होता. तोंडी आकड्यावर आपण विश्वास का ठेवतो? जी माणसे एरवी प्रत्येक दाव्याला पुरावा मागतात, ती गॅरेजमध्ये शिरली की भाविक होतात!

सुरक्षेचेही तसेच. व्हर्टसला २०२३ मध्ये ग्लोबल एनकॅपच्या चाचणीत प्रौढ आणि मुले या दोन्हींच्या संरक्षणासाठी पाच-पाच तारे मिळाले. हे तारे कारखान्यातून जशी निघाली तशा गाडीचे आहेत. स्प्रिंगा, चाके, टायर बदलले की जी गाडी आपण चालवतो ती कुणीच तपासलेली नसते.

कायद्याचा मुद्दा आम्ही टाळत नाही. मोटार वाहन कायदा, १९८८ चे कलम ५२ सांगते की उत्पादकाने ठरवलेल्या आणि आरसीवर नोंदलेल्या मूळ तपशिलांपासून गाडी वेगळी होईल असा बदल मालकाने करू नये. मंजूर सीएनजी किट किंवा दिव्यांग व्यक्तीच्या सोयीसाठी केलेले बदल यांना कायद्यात वाट आहे. जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने हे कलम असेच कडक अर्थाने वाचले. त्याच वर्षीच्या दुरुस्तीने प्रत्येक बेकायदा बदलामागे पाच हजार रुपये दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद अशी तरतूद आली. मोठ्या आवाजाच्या सायलेन्सरसाठी कारवाई होते ती वेगळी. विम्याचाही विचार करा. न कळवलेला बदल अपघातानंतर निघाला की दावा अडकण्याचे निमित्त मिळते. नाक्यावर कुणाला अडवायचे आणि कुणाला नमस्कार करून सोडायचे, हे आपल्याकडे कसे ठरते ते वाचकांना सांगायला नको. ज्याच्या ओळखी वरपर्यंत नाहीत त्याने आपली कागदपत्रे चोख ठेवलेली बरी.

पैशाचा हिशेब सर्वांत बोलका. आमचे आणि आधीच्या मालकाचे मिळून त्या गाडीवर बदलांसाठी तीन लाखांच्या वर गेले होते. गाडी देताना आम्ही माळ्यावरच्या पोत्यातून मूळ स्प्रिंगा आणि मूळ सायलेन्सर काढून परत बसवले, ईसीयूत कंपनीची मूळ आज्ञावली टाकून घेतली, मूळ चाके चढवली. त्यानंतर जास्त भाव आला! घेणाऱ्याने स्पष्ट सांगितले की न छेडलेली गाडी त्याला हवी होती. काढलेले सामान सुटे विकले, त्याचे जेमतेम साठ हजार आले. बदलांमध्ये घातलेला पैसा हा अनुभवाचा खर्च असतो, गुंतवणूक नव्हे. सिनेमाचे तिकीट कुणी परत विकायला जात नाही. हे आधी समजून खर्च करणाऱ्याला आमचा विरोध नाही.

"एवढेच होते तर एसयूव्ही का नाही घेतली?" हेही विचारले गेले. उत्तर आईने दिले. आम्ही तिला घेऊन तीन गाड्या बसून पाहिल्या. उंच गाडीत तिला पाय उचलून चढावे लागत होते. सेडानमध्ये बसणे सोपे, उठताना मात्र वरच्या दांड्याला धरावे लागते. दोन्ही करून पाहिल्यावर ती म्हणाली, "हिच्यात पाय जमिनीला टेकतात. हीच बरी." आम्हाला हवी होती खाली बसलेली, वळणावर न डुलणारी गाडी. आईला हवी होती जमिनीला टेकणारी. दोघांचे उत्तर एकच निघाले.

या गाडीच्या डिकीत ५२१ लिटर जागा आहे. मागच्या महिन्यात कार्यक्रमाला जाताना पुस्तकांचे सहा खोके, फलक, सतरंजी आणि चार कार्यकर्ते एका खेपेत गेले. पूर्वी त्याला दोन खेपा आणि एक रिक्षा लागायची. सपाट रस्त्यावर एकसारखे चालताना चारांपैकी दोन सिलिंडर आपोआप विश्रांती घेतात, त्यामुळे साताऱ्यापर्यंत लिटरला सतरा किलोमीटर मिळतात. शहरात अकरा.

काय गमावले? आवाज गमावला. सकाळी थंड इंजिन सुरू केल्यावर छातीत उतरणारा तो आवाज या गाडीला नाही. स्टिअरिंग जुन्या गाडीचे जास्त तिखट होते, बोट हलवले की नाक वळायचे. हे लपवण्यात अर्थ नाही. पण पुसेगाव सोडल्यावर मोकळ्या रस्त्यावर पाय दाबला की नवी गाडीही झेप घेते, आणि त्या वेळी मागे बसलेली आई म्हणते, "हळू रे." तिच्या तोंडचे हे दोन शब्द ऐकायला मिळतात, कारण ती गाडीत असते.

तेव्हा तरुण मित्रांनो, हौस जरूर करा. कुणी उपदेश करू लागला तर त्याला त्याच्या छंदांची यादी विचारा. पण हौस करताना तीन प्रश्न स्वतःला विचारून घ्या : हा वेग वापरायला मला रस्ता आहे का? हा बदल आरसी, विमा आणि मोजलेला कागद या तिन्ही ठिकाणी टिकतो का? आणि माझ्या घरातले, माझ्या कामातले किती जण या गाडीत बसू शकतात? तिन्हींची उत्तरे तीन दारांच्या गाडीच्या बाजूने येत असतील तर तीच घ्या, बेधडक घ्या. आमची उत्तरे २०१९ मध्ये एक होती, २०२३ मध्ये दुसरी आली. माणसाच्या गरजा बदलल्या की निर्णय बदलतो. याला हार म्हणत नाहीत, विचार म्हणतात.