आवाज का बसला?

आमच्या सीमाभागात आवाज हा नाजूक विषय आहे. पाटीवर कोणती ओळ वर आणि कोणती खाली, सभेत आभार आधी कोणत्या भाषेत मानले, याकडे लोकांचे बारीक लक्ष असते. १ नोव्हेंबर १९५६ रोजी राज्यपुनर्रचना झाली तेव्हा जुन्या बीदर जिल्ह्यातले उदगीर, निलंगा, अहमदपूर हे तालुके तेव्हाच्या मुंबई राज्यात गेले. औराद, भालकी, बीदर, हुमनाबाद म्हैसूर राज्यात आले. आमचे कमलनगर त्या वेळी औराद तालुक्यात, म्हणून ते इकडे राहिले. लेकी तिकडे दिलेल्या, सुना तिकडून आणलेल्या, बाजार उदगीरचा आणि कचेरी बीदरची. अशा गावात गाण्याचा आवाज कमीजास्त झाला, तर त्याचा अर्थ यंत्रापुरता राहत नाही.

गोष्ट जानेवारी २००६ मधली. मी तेव्हा सहशिक्षक होतो. स्नेहसंमेलनाचे सांस्कृतिक काम माझ्याकडे आणि आमच्या कन्नडच्या सरांकडे होते. बारा नाच बसवले होते; सहा मराठी, सहा कन्नड. हा हिशेब आमच्याकडे कटाक्षाने पाळावा लागतो. गाणी इंटरनेटवरून उतरवली गेली आणि ओळखीच्या एका पोराने ती एका सीडीवर राइट करून दिली. त्याच्या संगणकावर सगळी गाणी खणखणीत वाजत होती. मंडपात मात्र पहिले कन्नड गाणे असे दणाणले की म्हातारी माणसे दचकली, आणि पाठोपाठ लागलेली मराठी गवळण तिसऱ्या रांगेपलीकडे पोचेना. साउंडवाल्याने बटण वर नेले. पुढचे कन्नड गाणे सुरू होताच कर्णे चिरकले. त्याने बटण खाली आणले. मराठी गाणे पुन्हा बसले. तिसऱ्यांदा असे झाले तेव्हा पालकांतून कोणीतरी म्हणाले, "गुरुजी, आपल्याच गाण्याचा आवाज कसा काय बसलाय?"

त्या 'आपल्याच'मधल्या 'च'ने पुढचे आठ दिवस आमची झोप उडवली. हॉटेलात चहाबरोबर चर्चा झाली. कन्नडच्या सरांनी मुद्दाम तशी सीडी करवून घेतली, इथपर्यंत मजल गेली. बिचारे सर स्टाफरूममध्ये गप्प बसून राहू लागले. वीस वर्षे ज्यांच्या घरी आमच्या पोरांनी संक्रांतीला तिळगूळ खाल्ला, त्या माणसावर हा आळ. तेव्हा मी ठरवले की भाषणे देण्यापेक्षा आवाज खरोखर कुठे बसला ते शोधावे. सरही माझ्याबरोबर बसले.

आधी तार तपासली. त्याच यंत्रावर बाजारातली एक विकतची सीडी लावली. ती नीट वाजली. म्हणजे दोष तारेत नव्हता, कर्ण्यातही नव्हता. तो आमच्या सीडीतच होता. मग संगणकावर गाणे वाजवताना पडद्यावरचे आवाजाचे बटण पुढे-मागे करून पाहिले आणि एक गोष्ट लक्षात आली. ते बटण फक्त संगणकाच्या स्पीकरला सांगते. सीडीवर लिहिताना ते कुणी विचारात घेत नाही. फाइलमध्ये जेवढा आवाज आहे तेवढाच तबकडीवर उतरतो. पोराच्या दुकानात खणखणीत आणि मंडपात बारीक, याचे निम्मे उत्तर इथे मिळाले.

उरलेल्या निम्म्यासाठी सीडी म्हणजे काय ते समजून घ्यावे लागले. फिलिप्स आणि सोनी या कंपन्यांनी मिळून ठरवलेल्या पद्धतीची ही तबकडी १९८२ साली बाजारात आली. तिच्यात आवाज म्हणजे नुसते आकडे असतात. दर सेकंदाला ४४,१०० वेळा आवाजाचे माप घेतले जाते, आणि प्रत्येक मापासाठी ६५,५३६ पायऱ्या असतात. त्यातली वरची शेवटची पायरी आली की पुढे काही नाही. तिथे छत आहे. कुणी कितीही ओरडला तरी छताच्या वर आकडा लिहिता येत नाही.

मुलांना मी हे गुणपत्रिकेवरून समजावतो. समजा, वर्ग कच्चा आहे म्हणून सगळ्यांचे गुण दीडपट करायचे ठरवले. चाळीसवाल्याला साठ मिळाले, छान झाले. पण सत्तरवाल्याचे एकशे पाच होतात आणि नव्वदवाल्याचे एकशे पस्तीस. पत्रिका शंभरांची, म्हणून दोघांनाही शंभर लिहावे लागतात. वीस गुणांचा फरक होता, तो पुसला गेला. गाण्याचे नेमके हेच होते. आवाज छताला धडकला की लाटेचे शेंडे कापले जातात आणि गोड गळा फाटक्या कर्ण्यासारखा ऐकू येतो.

मग ज्या गाण्याचा आवाज बारीक आहे ते तेवढे छतापर्यंत का वाढवू नये? आम्ही ऑडॅसिटी नावाच्या फुकट मिळणाऱ्या प्रोग्रॅममध्ये गवळण उघडली. पडद्यावर आवाजाची लाट दिसते. गवळण जुन्या तबकडीवरून घेतलेली होती. लाट बाभळीच्या फांदीसारखी, अंग बारीक आणि मध्येच एखादा लांब काटा. तो काटा गाण्याचा नव्हताच. तबकडीवरच्या ओरखड्याची ती 'टिक' होती. पण ती छताला टेकली होती. प्रोग्रॅम सर्वांत उंच टोक पाहतो आणि म्हणतो, आता वाढवायला जागा नाही. एका टिकेपायी साडेतीन मिनिटांचे गाणे खाली राहिले होते. शेजारचे नवे सिनेमाचे गाणे उघडले तर ते कातरलेल्या मेंदीच्या कुंपणासारखे, आरंभापासून शेवटपर्यंत छताला लागलेले. १९९०च्या दशकापासून जगभरच्या कंपन्यांत आपले गाणे दुसऱ्यापेक्षा जोरात वाजावे अशी चढाओढ लागली होती, तिचा तो परिणाम. आमच्या यादीतली मराठी गाणी जुनी होती आणि कन्नड गाणी बहुतेक नवी. भाषेचा संबंध एवढाच.

पण हे गावाला पटवायचे कसे? उपाय सरांना सुचला. त्यांच्याकडे पंडित भीमसेन जोशींचे मराठी अभंग होते आणि कन्नड दासवाणीही होती. भीमसेनजी गदगकडचे, मायबोली कन्नड, आणि महाराष्ट्राने त्यांना अभंगांसाठी डोक्यावर घेतले. एकाच गळ्याची ही दोन भाषांतली गाणी आम्ही पालकांच्या बैठकीत एकामागून एक लावली. आमच्या फाइलींत अभंग मोठा होता आणि दासवाणी बारीक. कुणी काही बोलेना. शेवटी ज्यांनी 'आपल्याच' म्हटले होते तेच गृहस्थ हसले आणि म्हणाले, "म्हणजे भीमसेनअण्णांनी कन्नडवर अन्याय केला म्हणायचा." बैठक तिथेच संपली.

आता उपाय सांगतो. गवळणीतल्या त्या टिका एकेक शोधून कापल्या. त्यानंतर तिला वर उचलायला जागा झाली. तरीही ती नव्या गाण्यांच्या बरोबरीला आली नाही. आणखी उचलली असती तर बाईंचा आवाज फाटला असता. मी विचारात पडलो होतो, तेवढ्यात सर म्हणाले, "आमची गाणी थोडी खाली घ्या ना, सर. त्यांना काय होणार आहे?" खरेच काही झाले नाही. नवी गाणी सहा डेसिबलने खाली आणली, म्हणजे लाटेची उंची साधारण निम्मी केली. एकही सूर हरवला नाही. सगळी गाणी एका पातळीवर आली. एकंदर सीडी आता बारीक झाली होती, पण सगळी सारखीच बारीक. त्यासाठी साउंडवाल्याचे बटण होते. ते एकदा वर नेले की काम झाले. एकदा लिहिलेली साधी सीडी पुसता येत नाही, म्हणून नवी कोरी घेऊन पुन्हा राइट केली. पुढच्या वर्षी एक जुने वचनगायन बारीक निघाले, तेव्हा आमची लावणी खाली घेतली. कुणाला विचारावेही लागले नाही.

ही युक्ती आम्हालाच सुचली असे नाही. २००१ च्या सुमारास संगणकावर गाणी ऐकणाऱ्यांसाठी 'रिप्लेगेन' नावाची पद्धत निघाली; तीही उंच टोक न पाहता कानाला आवाज किती भरतो ते मोजते, आणि मोठ्या गाण्यांना बहुतेक खालीच आणते. युरोपातल्या प्रसारण संस्थांच्या संघाने २०१० साली अशाच मोजमापाची शिफारस केली. आज यूट्यूबही फार जोरात असलेले गाणे आपणहून खाली घेते. मोठ्या आवाजाची चढाओढ बारीक आवाजांना ओढून वर नेल्याने थांबली नाही. मोठ्यांना खाली आणल्यावर तिच्यात अर्थ उरला नाही.

वाचकहो, सीमेवरच्या माणसाला हे यंत्रशास्त्र वाटणार नाही. जिथे छत ठरलेले आहे तिथे दोन भाषांनी एकमेकींवर आवाज चढवला, तर दोघींचेही शेंडे कापले जातात आणि ऐकणाऱ्याच्या कानावर नुसती खरखर येते. आपला आवाज बारीक आहे असे वाटले तर आधी आपल्याच गाण्यातली टिक शोधावी. ती बहुधा जुनी असते आणि गाण्याचा भाग नसते. त्यानंतर शेजाऱ्याला सांगावे. माझा अनुभव असा की तो खाली येतो. न सांगता संशय घेतला तर मात्र येत नाही.

आता सीड्या गेल्या. शाळेच्या कपाटात त्यांचा एक गठ्ठा आहे, पण त्या वाजवायचे यंत्र बंद पडून बरीच वर्षे झाली. संमेलनाची गाणी आता कुणाच्या तरी मोबाइलमध्ये येतात. जुनी-नवी तशीच एकत्र आणि आवाज तसाच खालीवर. यंदा नववीच्या ज्या मुलांकडे हे काम दिले आहे त्यांना मी एवढेच सांगितले आहे: रंगीत तालमीला सर्वांत बारीक गाणे आधी लावा, शेवटच्या रांगेत जाऊन ते ऐका, बटण त्यावरून ठरवा, आणि मग बाकीची गाणी त्याच्या पातळीला खाली आणा.