तंबोऱ्याच्या दांडीवरची चकाकी

मिरजेला गेलात तर सतारमेकर गल्लीत जरूर चक्कर टाका. इथल्या कारागिरांचे पूर्वज शिकलगार, म्हणजे शस्त्रांना धार लावणारे. १९ व्या शतकात फरीदसाहेबांनी तंबोरे घडवायला घेतले आणि गल्लीचा धंदाच बदलला. भोपळे येतात पंढरपूर-मंगळवेढ्याकडून.

गंमत आहे ती दांडीच्या पॉलिशची. आधी पॉलिशपेपरनं घासून घासून ती गुळगुळीत करतात. मग स्पिरिटमध्ये लाख विरघळवतात. (लाख म्हणजे झाडावरच्या चिमुकल्या किड्यांची करणी, बरं का!) कापसाचा बोळा सुती फडक्यात गुंडाळून हात मारायचा. पातळ थर, वाळू द्यायचा, की पुन्हा दुसरा. बोळा मध्येच थांबला की डाग पडलाच! पावसाळी दमट हवेत तर पॉलिश पांढुरकं पडतं. गिटारच्या दांडीला काही जण जवसाचं तेल चोळतात. ते लाकडात मुरतं. लाख वरच्यावर बसते, काचेसारखी.

२०२४ मध्ये मिरजेच्या सतारीला नि तंबोऱ्याला भौगोलिक मानांकन मिळालं. पण इतका वेळ मांडी घालून बसायला नवी मुलं फारशी येत नाहीत, ही खरी काळजी.

आणि हो, दांडीला हात लावण्याआधी विचारा. ओल्या पॉलिशवर बोटाचा ठसा उमटतो!