‘त्यानं माझ्यासाठी खूप केलंय, ताई’

रांजणगाव शेणपुंजीच्या गल्ल्यांमध्ये दुपारनंतर मोठी माणसं फारशी दिसत नाहीत. वाळूज एमआयडीसीत आई एका पाळीला, बाबा दुसऱ्या. जालना, परभणी, हिंगोली, बुलढाण्याहून पोटासाठी आलेली कुटुंबं एका खोलीत राहतात. आजी-आजोबा गावाकडेच राहिलेले. शाळा सुटली की मुलांच्या हाती खोलीची किल्ली आणि मोबाइल. या भागातल्या शाळांमध्ये आठवी ते दहावीच्या मुलामुलींशी शोषणाबद्दल बोलायला मी जाते. मुलं मला ताई म्हणतात.

‘चांगला स्पर्श, वाईट स्पर्श’ हा धडा लहान मुलांसाठी ठीक आहे. चाइल्डलाइनची ‘कोमल’ ही छोटी फिल्म तिसरी-चौथीत दाखवावी, मुलं ती नीट लक्षात ठेवतात. पण नववीतल्या मुलीला वाईट स्पर्श कळतो. तिला ओळखता येत नाही तो माणूस. कारण तो तिच्याशी अगदी चांगला वागत आलेला असतो.

अशीच एक मुलगी सेशन संपल्यावर वर्गात रेंगाळली. (तिची ओळख पटेल असे सगळे तपशील मी बदलले आहेत.) ‘ताई, माझ्या एका मैत्रिणीचं आहे,’ अशी सुरुवात. निम्म्याहून जास्त मुलं अशीच सुरुवात करतात, आणि मीही मैत्रिणीबद्दलच बोलत राहते. मैत्रिणीच्या आईच्या गावाकडचा, तिशीतला एक माणूस. घरी येणं-जाणं होतं. त्यानं मोबाइलचा रिचार्ज मारला, क्लासची फी भरली, उशीर झाला की गाडीवर घरी सोडलं. बाबा दारू पिऊन आले त्या रात्री फोनवर तिचं ऐकून घेतलं. असे कितीतरी महिने गेले. मग एक दिवस त्यानं फोटो मागितला, आणि त्यानंतर बरंच काही.

‘त्यानं माझ्यासाठी खूप केलंय, ताई. आता नाही म्हटलं तर कसं दिसेल?’

मैत्रीण कधीच मागे पडली होती. हे वाक्य मी वेगवेगळ्या मुलांच्या तोंडून ऐकलंय, मुलग्यांच्याही. घरात आपल्याला कुणी विचारत नाही असं वाटणाऱ्या मुलाला कुणीतरी वेळ देतं, आणि त्या वेळेचं कर्ज त्याच्या डोक्यावर चढत जातं. शोषण करणारा माणूस हे कर्ज वसूल करायला येतो तेव्हा मुलाला आपणच देणं लागतो असं वाटतं. म्हणून आता मी वर्गात स्पर्शापासून सुरुवातच करत नाही. मी विचारते: तुम्हाला काही देणाऱ्या माणसानं ‘घरी सांगू नको’ असं म्हटलंय का? दिलेल्याची आठवण तो करून देतो का? त्याला नाही म्हणायची तुम्हाला भीती वाटते का? मैत्रिणींपासून, आईपासून तो तुम्हाला हळूहळू तोडतोय का? वर्गात एकदम शांतता पसरते. त्या शांततेत कुणीतरी स्वतःचा हिशेब मांडत असतं.

मुलांची पहिली अट ठरलेली: ‘कुणाला सांगणार नाही ना?’ हे वचन मी देत नाही. पोक्सो कायदा 2012 चा. त्याच्या कलम 19 प्रमाणे अठरा वर्षांखालच्या मुलावर लैंगिक अत्याचार झाल्याचं ज्याला कळेल, त्यानं पोलिसांना कळवलंच पाहिजे. त्यामुळे मूल तोंड उघडायच्या आधीच मी सांगते, ‘गल्लीत, वर्गात कुणाला कळणार नाही. पण तुला कुणी त्रास देत असेल तर तो थांबवू शकणाऱ्यांना मला सांगावं लागेल. तेव्हा मी तुझ्याबरोबर असेन.’ काही मुलं हे ऐकून उठून जातात. ते सोसावं लागतं. खोटं वचन देऊन काढून घेतलेली गोष्ट म्हणजे त्या मुलाची आणखी एक फसवणूक. ती मुलगीही तेव्हा निघून गेली. पुढच्या वेळी आली ती मावशीला घेऊन.

आईऐवजी मावशी का, हे नंतर कळलं. आईला सांगितलं तेव्हा रात्रपाळीहून आलेल्या त्या बाईच्या तोंडून पहिला प्रश्न निघाला, ‘तू त्याच्या गाडीवर बसलीसच कशाला?’ ती वाईट आई नव्हती, हादरली होती. गावाकडच्या माणसावर ठेवलेला तिचा स्वतःचा विश्वास तिला त्या क्षणी दिसत होता. पण मुलगी पुन्हा मिटली. पुढे पोलीस, डॉक्टर, न्यायाधीश असे किती जण तिला विचारणार होते, पण त्यातला एकही प्रश्न या प्रश्नाइतका जड नव्हता. मी आईला बाजूला घेऊन एवढंच म्हटलं, ‘तिनं सांगितलं, हे फार चांगलं केलं, असं तिला म्हणा. बाकीचं उद्या बोलू.’ तिनं ते म्हटलं. रडत म्हटलं, पण म्हटलं.

घरच्यांना सगळ्यात मोठी भीती पोलीस ठाण्याची. वर्दीतला माणूस दारात आला की गल्लीला कळणार. ही भीती कायद्यानं ओळखलेली आहे. मुलाचा जबाब त्याच्या घरी किंवा त्याला बरं वाटेल अशा ठिकाणी, शक्यतो महिला उपनिरीक्षकांनी, साध्या कपड्यांत घ्यायचा असतो. या मुलीचा जबाब मावशीच्या खोलीत झाला. चहा पीत बसलेल्या बाई पोलीस आहेत, हे शेजारी कुणाला समजलंसुद्धा नाही. घाटी रुग्णालयात तपासणी महिला डॉक्टरांनी केली, मावशी बाजूला होती. पोलिसांनी चोवीस तासांत बाल कल्याण समितीला कळवायचं असतं, आणि समिती मुलाच्या सोबतीला एक सहायक व्यक्ती देऊ शकते. न्यायालयात मुलाला आरोपीच्या समोर उभं करायचं नसतं. नाव, फोटो, शाळा छापायला बंदी आहे. यातलं घरच्यांना आधी काहीच माहीत नव्हतं. माहीत असतं तर ती मुलगी किती आधी बोलली असती, हा विचार मला सोडत नाही.

दुसऱ्या एका शाळेत असंच प्रकरण समोर आलं तेव्हा मला सांगण्यात आलं, ‘मॅडम, मिटवून घेऊ. शाळेचं नाव जाईल.’ मी कलम 21 वाचून दाखवलं: संस्थेच्या प्रमुखानं हाताखालच्या माणसाची अशी गोष्ट दडवली तर एक वर्षापर्यंत कैद. अहवाल त्याच दिवशी गेला. 2024 मध्ये बदलापूरच्या शाळेतल्या अत्याचाराच्या प्रकरणानंतर लोक रेल्वे रुळांवर उतरले, तेव्हा कुठे तक्रारपेटी आणि मुलांच्या सुरक्षेसाठीच्या सखी सावित्री समितीचे आदेश पुन्हा शाळाशाळांत पोचले. ही समिती तर 2022 पासून प्रत्येक शाळेत असायला हवी होती.

मुलग्यांचं वेगळं सांगायला हवं, कारण त्यांना कुणी विचारतच नाही. पोक्सोमध्ये मुलगा आणि मुलगी असा फरक नाही. दहावीतल्या एका मुलाची ऑनलाइन गेममध्ये ओळख झाली, समोरच्यानं मुलीच्या नावानं गोड बोलून फोटो घेतला, मग पैसे मागितले. यानं आईच्या डब्यातले पैसे पाठवले. मागणी वाढत गेली. ‘बाबा मारून टाकतील,’ एवढंच तो म्हणत होता. आम्ही पैसे थांबवले, संवादाचे स्क्रीनशॉट जपून ठेवले, सायबर फसवणुकीसाठीच्या 1930 या क्रमांकावर फोन केला आणि केंद्र सरकारच्या सायबर क्राइम पोर्टलवर तक्रार केली. ‘टेक इट डाउन’ या मोफत सेवेत फोटो कुणाला पाठवावा लागत नाही, फक्त त्याची डिजिटल खूण तयार होते आणि सहभागी समाजमाध्यमं तो फोटो शोधून हटवू शकतात. बाबांनी मारलं नाही. ते बराच वेळ गप्प बसले आणि मग म्हणाले, ‘मला आधी का नाही सांगितलंस रे?’

दहावीच्या वर्गात हमखास एक प्रश्न येतो: ‘आमचं प्रेम असेल तर?’ तो मी टाळत नाही. अठराच्या आत संमती कायदा मानत नाही, हे स्पष्ट सांगते. पण सतरा वर्षांच्या दोघांचं एकमेकांत गुंतणं आणि तिशीतल्या माणसानं नववीतल्या मुलीला जाळ्यात ओढणं या दोन गोष्टी माझ्या मते एक नाहीत. दोन्हींना एकाच काठीनं हाकलं की मुलं आपल्याशी बोलायचीच बंद होतात, आणि मग खरोखर जाळ्यात सापडलेली मुलगीही गप्प राहते.

त्या मुलीचा खटला अजून चालू आहे. ती पुन्हा शाळेत जायला लागली आहे.

पालकांना माझी विनंती आहे. 1098 हा मुलांच्या मदतीसाठी चोवीस तास चालणारा मोफत क्रमांक आज रात्री मुलांकडून पाठ करून घ्या, त्यांनी स्वतः फोन केला तरी चालतो. आपल्या शाळेत सखी सावित्री समितीवर कोण आहे, हे या आठवड्यात जाऊन विचारा. आणि तुमचं मूल कधी असं काही सांगायला आलं, तर ‘तू गेलास कशाला’, ‘तू बसलीस कशाला’ हा प्रश्न विचारू नका.