पिगी सबब शोधतो तेव्हा

विजय नगर, इंदूर

चि. मुक्ता हीस,


तुझं पत्र आणि सोबतचा तक्ता पोचला. राल्फ लोकशाही, जॅक हुकूमशाही, पिगी बुद्धी, सायमन संत, रॉजर क्रौर्य. आमच्या विजय नगरात कोचिंग क्लासची पाटी नसलेली इमारत शोधावी लागते, तेव्हा हे असलं साहित्य कोपऱ्यावरच्या झेरॉक्सवाल्याकडेही मिळत असेल. चूक काहीच नाही गं. पण एवढ्यावर भागत असेल, तर 'लॉर्ड ऑफ द फ्लाइज' वाचायची तरी कशाला?

गोल्डिंग सॉल्झबरीला शाळामास्तर होता आणि महायुद्धात नौदलात लढून आलेला. म्हणजे पोरं आणि युद्ध दोन्ही जवळून पाहिलेली. बॅलंटाइनच्या १८५७ च्या 'कोरल आयलंड'मधून त्याने राल्फ आणि जॅक ही नावं मुद्दाम उचलली. तिथली इंग्रज पोरं गुणी, वाईट ते सगळं बाहेरून येणारं. गोल्डिंगच्या १९५४ च्या कादंबरीत बेटावर अडकलेल्या पोरांना वाईट व्हायला बाहेरचं कुणी लागत नाही.

आता रॉजर बघ. चौथ्या प्रकरणात तो समुद्रकाठी खेळणाऱ्या लहानग्या हेन्रीवर दगड मारतो, पण नेम मुद्दाम चुकवतो. हेन्रीभोवती काही हात जागा सोडून दगड पडत राहतात. आईबाप, शाळा, पोलीस यांचा धाक अजून त्याच्या दंडात शिल्लक आहे. पुढे हाच रॉजर मोठा धोंडा लोटतो, त्यात पिगी मरतो आणि सभेचा शंखही फुटतो. जॅकचंही तसंच. पहिल्या डुकरावर सुरा उगारतो आणि हात थबकतो. हुकूमशहा म्हणून कुणी बेटावर उतरलेलं नाही.

पण मला सगळ्यात जास्त छळतो तो पिगी. वादळी रात्री पोरं रिंगण धरून नाचताहेत. पोरं ज्याला घाबरतात तो डोंगरावरचा राक्षस म्हणजे पॅराशूटला अडकलेलं एक प्रेत आहे, हे सांगायला सायमन येतो, आणि त्यालाच राक्षस समजून ती मारतात. राल्फ आणि पिगी त्याच घोळक्यात असतात. दुसऱ्या दिवशी राल्फ सरळ म्हणतो, हा खून आहे. पिगी म्हणतो, अपघात होता. अंधार होता, आपण कडेला होतो. जुळे भाऊ तर म्हणतात, आम्ही आधीच निघून गेलो होतो. तुझ्या तक्त्यातली 'बुद्धी' इथे सबब शोधायला बसली आहे, तीही किती मुद्देसूद!

आपल्याकडे तेंडुलकरांचं 'शांतता! कोर्ट चालू आहे' आठव, १९६७ चं. वेळ जात नाही म्हणून हौशी नटमंडळी खोटा खटला मांडतात आणि बेणारेबाईंना खरोखरच्या आरोपात पकडतात. सगळं उरकल्यावर पुन्हा खेळच तर होता म्हणायला मोकळी! बेटावरची पोरं वयाने लहान, एवढाच काय तो फरक.

पोरं ज्याने जाळ पेटवतात त्या पिगीच्या चष्म्याबद्दल विचारलं आहेस. विज्ञान आणि शोधकबुद्धीचं प्रतीक म्हणून त्याला मार्क मिळतातच. गंमत अशी की पिगीला लांबचं दिसत नाही, म्हणजे त्याची भिंगं अंतर्वक्र. त्यांनी ऊन एकवटत नाही, जाळ पेटणार कुठून? गोल्डिंग ऑक्सफर्डला आधी विज्ञान शिकत होता, तरी ही चूक राहिलीच. मला ती आवडते. मास्तरांचाही एखादा हिशेब चुकावा.

निबंधात तक्ता घालायचाच असेल तर अर्ध्या पानात उरक. बाकीची पानं सायमनच्या खुनानंतरच्या त्या संभाषणाला दे आणि कोण काय म्हणतो ते ओळीने तपास. शेवटी येणाऱ्या नौदल अधिकाऱ्यालाही सोडू नकोस. पोरांच्या रानटीपणावर तो नाराजी दाखवतो, पण स्वतः युद्धनौकेवरून आलेला असतो.

माझी प्रत दिवाळीत घेऊन जा. समासात पेन्सिलीने मी पिगीशी बरीच भांडले आहे, ते पुसू नकोस.

तुझी,
मावशी