तांबड्या खुणेची साक्ष

जिवंत पेशीतील एखाद्या प्रथिनाच्या जनुकाला लाल प्रतिदीप्त प्रथिनाचे जनुक सांधून द्यावयाचे आणि ती खूण पेशीकडूनच घडवून घ्यावयाची, हा आमच्या कामाचा नित्याचा शिरस्ता. मात्र १९९९ साली प्रसिद्ध झालेले, डिस्कोसोमा या प्रवाळसदृश जीवापासून मिळालेले डीएसरेड हे प्रथिन चारांच्या जुटीवाचून राहत नसे; ज्याला जोडावे त्यालाही ते गुठळ्यांत ओढी, आणि पुरते लाल होण्यास त्याला दिवसाहून अधिक अवधी लागे. रॉजर त्सिएन यांच्या प्रयोगशाळेने २००२ साली त्याचे एकेरी रूप सिद्ध केले व २००४ साली एमचेरी. ५८७ नॅनोमीटरचा प्रकाश शोषून ६१० नॅनोमीटरचा परत देणारे हे प्रथिन मला प्रिय आहे, कारण खुणेने खूण केलेल्याच्या वर्तनात ढवळाढवळ करू नये, ही अट ते बहुतांशी पाळते.

माझे गाव रेवस. रात्री तेथील धक्क्यावरून पाहिले, तर धरमतरकडे आत शिरणाऱ्या बार्जचा हिरवा दिवा दिसतो, बाहेर समुद्राकडे निघालेल्याचा तांबडा. नौका न दिसताही तिची दिशा कळते. पेशीच्या स्वभक्षणाचा तपास आम्ही अशाच दोन दिव्यांनी करतो. एलसी-३ या प्रथिनाला हिरवे व लाल अशी दोन्ही प्रथिने जोडली, की टाकाऊ ऐवज भरलेली पिशवी प्रथम दोन्ही रंगांत उजळते. ती लयकारिकेशी एकरूप झाली, की तेथील आम्लतेने हिरवा विझतो आणि लाल तेवढा उरतो.

परंतु लाल ठिपक्याची जबानी तशीच दाखल करून घेणे मला मान्य नाही. एमचेरी लयकारिकेतील पाचक विकरांनाही चिवटपणे टिकते, म्हणून ठिपका चालू असलेल्या कार्याचा आहे की केव्हाच संपलेल्या कार्याचा अवशेष, हे त्यावरून ठरत नाही. यास्तव बॅफिलोमायसिन देऊन आम्लता रोखावी आणि हिरवा उजेड टिकून राहतो काय, ते पाहावे. शिवाय खूण न जोडलेल्या आणि केवळ एकेक रंग दिलेल्या पेशी त्याच प्रकाशमानात तपासाव्यात. नवे विद्यार्थी स्वाभाविकपणेच सर्वांत झगझगीत पेशीचे छायाचित्र पुढे ठेवतात. मी त्यांना फिकट पेशींकडे वळवितो, कारण झगझगीत पेशीत खूण जोडलेले प्रथिन बहुधा गरजेहून कितीतरी अधिक तयार झालेले असते, आणि अशा गर्दीत ते एरवी जेथे जाणार नाही तेथेही जाऊन बसते.