फ्रेंच कुणाची?

चि. मुक्ता,


फ्रेंचच्या वर्गात नाव घातलंस, फार आनंद झाला. पॅरिसला जाऊन फ्रेंच बोलायचं असं तू लिहिलंयस. जरूर जा. पण आज लोकसंख्येने सगळ्यात मोठं फ्रेंचभाषक शहर पॅरिस नाही, काँगोची राजधानी किन्शासा आहे. तिथे फ्रान्सचं राज्य कधीच नव्हतं. राज्य होतं बेल्जियमचं. १९६० साली ते गेलं, भाषा मात्र राहिली. लिंगाला, स्वाहिली, किकाँगो आणि चिलुबा या चार राष्ट्रीय भाषांचा तो देश. कुणा एकीला वरचढ न करता कारभार चालवायला फ्रेंच सोयीची ठरली. त्यामुळे किन्शासात बाजारात आणि गाण्यांत लिंगाला चालते, शाळेत आणि कचेरीत फ्रेंच.

जगात सुमारे ३२ कोटी लोक फ्रेंच बोलतात आणि त्यांतले निम्म्याहून अधिक आफ्रिकेत आहेत. ही भाषा तिथे मायेने पोचलेली नाही. वसाहतीच्या शाळांत आपल्या भाषेत बोलताना सापडलेल्या मुलाच्या गळ्यात एखादी वस्तू अडकवत; दुसरा कुणी सापडेपर्यंत ती त्याच्याच गळ्यात. खुद्द फ्रान्समध्ये, ब्रिटनी प्रांतात, ब्रेटन बोलणाऱ्या लेकरांनीही हीच शिक्षा भोगली.

तरीही आफ्रिकेतल्या लेखकांनी ही भाषा आपलीशी केली. आयव्हरी कोस्टच्या अहमदू कुरुमा यांनी मालिंके भाषेची लय फ्रेंचमध्ये उतरवून कादंबरी लिहिली. ती आधी १९६८ साली छापली कॅनडातल्या मॉन्ट्रियलने, पॅरिसमध्ये ती १९७० साली निघाली. आणि २०२१ साली फ्रान्सचा मानाचा गोंकूर पुरस्कार मिळाला तो सेनेगलच्या मोहामेद म्बुगार सार यांना.

आपल्या माणसांशीही या भाषेचं नातं आहे. मॉरिशस १८१० साली इंग्रजांनी फ्रेंचांकडून जिंकून घेतलं, पण रहिवाशांचे कायदे आणि चालीरीती तशाच ठेवल्या. पुढे मजुरीच्या करारावर महाराष्ट्रातून माणसं तिथल्या उसाच्या मळ्यांत गेली. त्यांचे वंशज आज गणेश चतुर्थीची सार्वजनिक सुट्टी साजरी करतात, फ्रेंचमधून घडलेली क्रेओल बोलतात, आणि तिथली मोठी वर्तमानपत्रं अजून फ्रेंचमध्येच निघतात.

हे सगळं असंच राहील, असं मात्र समजू नकोस. फ्रेंचभाषक देशांच्या संघटनेचा पाया २० मार्च १९७० रोजी नायजरच्या नियामे शहरात घातला गेला. त्याच नायजरने मार्च २०२५ मध्ये माली आणि बुर्किना फासोबरोबर संघटना सोडत असल्याचं जाहीर केलं. मालीने तर २०२३ च्या नव्या राज्यघटनेत फ्रेंचचा अधिकृत भाषेचा दर्जाच काढून टाकला. ज्यांच्यावर भाषा लादली, त्यांनीच आता ती ठेवायची की नाही हे ठरवावं, हे मला न्याय्य वाटतं.

म्हणून उच्चार पॅरिसचा शीक, पण कान तेवढ्यावर थांबवू नकोस. सेनेगलमधल्या डकारच्या आणि किन्शासाच्या बातम्या ऐक, पुढे कुरुमा वाच. आफ्रिकेतल्या माणसाचं फ्रेंच अशुद्ध म्हणणारा कुणी भेटला, तर त्याचं ऐकू नकोस. या भाषेचं पुढचं शतक याच माणसांच्या हाती आहे.

तुझी,
मावशी