माजघर आणि ओसरी

घरात कोणाला कुठवर येऊ द्यावे, हा प्रश्न मला मोठा जिव्हाळ्याचा वाटतो. दूधवाला दारापर्यंत, ओळखीचे ओसरीवर, आणि माजघरात फक्त आपली माणसे. ही श्रेणी कोणी लिहून ठेवलेली नसते. पण ती मोडली की घराचे घरपण ढळते. गंमत अशी, की संगणकाच्या पोटातही हीच व्यवस्था असते. हे ज्ञान मला माझ्या भाच्याने दिले.

आमची आई मागच्या खोलीत अंथरुणाला खिळलेली. तिला सकाळी नाट्यगीते ऐकू यावीत, म्हणून पुढच्या खोलीतल्या संगणकावरचे गाणे घरातल्या नेटवर्कवरून तिच्या उशाशी पोहोचवायचा घाट भाच्याने घातला. "मामा, हे काम कर्नलमध्येच घालायला हवं," तो म्हणाला. कर्नल म्हटले की माझ्या डोळ्यांपुढे झुपकेदार मिशा येतात! पण हा कर्नल लष्करातला नव्हे. बदामात गर असतो ना, तसा हा लिनक्ससारख्या कार्यप्रणालीचा गाभा. यंत्राच्या साऱ्या अवयवांवर त्याची सत्ता. बाकीचे कार्यक्रम बाहेर चालतात, त्या जागेला युजरस्पेस म्हणतात. म्हणजे माजघर आणि ओसरीच की!

भाच्याची बाजू लंगडी नव्हती. ध्वनीचे सेकंदाला ४८,००० नमुने वेळेवर पोहोचावे लागतात. थोडे जरी चुकले तरी भातातल्या खड्यासारखे कानाला लागते. ओसरीवरच्याला आपली पाळी येईपर्यंत थांबावे लागते, आणि दर खेपेला उंबरा ओलांडण्यात वेळ जातो.

पण दिवाळीत माजघरात तेलाची कढई चढलेली असते. ओसरीवर पाहुणा अडखळला तर त्याच्या हातचा कप फुटेल. कढईपाशी अडखळला तर घर पेटेल. युजरस्पेसमध्ये कार्यक्रम कोसळला तर गाणे थांबते, एवढेच. कर्नलमध्ये तो कोसळला तर सारे यंत्रच बसू शकते. आणि त्याच यंत्रावर आई परदेशातल्या नातवाचे तोंड पाहते. शिवाय नेटवर्कवरून येणारे प्रत्येक पुडके आपल्याच माणसाचे असेल असे कोणी सांगावे? ते उघडून पाहण्याचे काम ओसरीवरच बरे.

हा मोह थोरांनाही झालेला आहे. २००१ साली आलेल्या लिनक्सच्या २.४ या आवृत्तीत वेबपाने वाढणारा एक वाढपी थेट कर्नलमध्ये बसवला होता. २००३ च्या २.६ मध्ये त्याचे पान उठले होते.

उंबऱ्याचे म्हणाल, तर चकल्या एकेक करून बाहेर नेतो कोण? ताट भरून नेतात. ध्वनी पाठवण्याच्या एईएस-६७ या २०१३ च्या मानकात एक मिलिसेकंदाचे ४८ नमुने एकाच पुडक्यात जातात. मात्र ताट जितके मोठे, तितका उशीर. आईला अर्धा सेकंद उशीर झाला तर बिघडत नाही. तबलजीला स्वतःचा ठेका उशिरा ऐकू आला तर मैफलच मोडेल. म्हणून काही गोष्टी माजघरातच हव्यात. ध्वनियंत्राशी बोलणारा चालक तिथेच शोभतो आणि पुडक्यावर वेळेचा शिक्का मारणेही तिथेच. दोन यंत्रांच्या घड्याळांत दहा लाखांत पन्नास एवढाच फरक असला, तरी तासाभरात १८० मिलिसेकंदांची तफावत पडते. पण ती मोजून गाणे किंचित ताणणे, आवाज मिसळणे ही कामे ओसरीवर सुखाने होतात. पाइपवायर नावाचा आजचा व्यवस्थापक ती तिथूनच करतो, आणि २०२४ च्या ६.१२ आवृत्तीपासून ओसरीवरच्या घाईच्या माणसाला वेळेवर आत हाक मारण्याची सोय खुद्द मूळ लिनक्समध्येच आली आहे.

मला वाटते, माजघरात घेताना माणूस किती चपळ आहे हे पाहू नये; तो अडखळला तर कोणाचे किती जळेल, हे पाहावे. भाचा अजून कुरकुरतो. पण त्याने आपला कार्यक्रम ओसरीवरच मांडला आहे. मधूनमधून तो कोसळतो, पुन्हा उठतो. आणि त्या मधल्या शांततेत आई पुढची ओळ स्वतःच म्हणते.